उंटकाकांची मोजणी

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून आधी घाबरली असशील. आपण दर रविवारी फोनवर बोलतो, पत्र लिहायची सवय सुटून तर वीस वर्षं झाली. तेव्हा पहिल्यांदा हे सांगतो की मी धडधाकट आहे. हाताची थरथर तेवढी वाढलीये. ज्या हाताने तीस वर्षं दर आठवड्याला चौकटी आखल्या, तो आता चहाचा कप बशीत वाजवल्याशिवाय ठेवू शकत नाही. दोन ओळींमागे एक ओळ वाकडी गेलेली दिसेल, ती समजून घे. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू दुसऱ्याच वाक्याला मला तोडलं असतंस, आणि मीही तेवढंच निमित्त करून गप्प बसलो असतो. गप्प बसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक प्राध्यापिका आल्या होत्या. तुला मी एवढंच सांगितलं होतं की कॉलेजातल्या कोणी बाई उंटकाकांवर काहीतरी लिहितायत. तू हसलीस आणि म्हणालीस, मधल्या, म्हातारपणी तुझं नशीब उघडलं. त्या बाईंचं काम नुसतं उंटकाकांवर नव्हतं. विषय असा होता की आपल्या आश्रमाच्या फादरांचं आयुष्य आणि उंटकाका या बसकंडक्टरवरची माझी चित्रकथा यांच्यात काही दुवे असू शकतात का. शक्य दुवे, असा शब्द त्यांनी वापरला. फार सावध बाई. दहादा म्हणाल्या, मी ठामपणे काही म्हणत नाही हं, शक्यता मांडतेय. फायलीत चिठ्ठ्या लावून अकरा दुवे काढून आणले होते. उंटकाकांची लांब मान आणि वाकून चालणं. दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा. ढोपरापर्यंत कायम ओला असलेला कोट, पाऊस असो नसो. पेन्सिलीने एकेका प्रवाशाच्या डोक्यावर टकटक करत माणसं मोजायची पद्धत. आणि सगळ्यात मोठा दुवा म्हणजे उंटकाकांचं बोलणं. फादर शेवटी ज्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत होते तिथे बाई जाऊन आल्या होत्या, तिथे फादरांच्या हातच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. त्यात ‘माझा चूक’, ‘तुझी घर’, ‘मोठा गंमत’ असं जागोजागी. परदेशातून आलेल्या माणसाला आपल्या भाषेतलं ‘तो, ती, ते’ जन्मभर जमलं नाही. आणि माझा बसकंडक्टर दर आठवड्याला शेवटच्या चौकटीत म्हणायचा, ‘एक कमी आहे! माझा चूक!’ आणि बस मागे फिरवायचा. राहिलेली म्हातारी, राहिलेला पाहुणा, एकदा तर राहिलेली बकरी, बसमध्ये घ्यायचा आणि मगच पुढे जायचा. आया आपली पोरं मोजताना तसं म्हणायला लागल्या होत्या, आठवतं? छपाईचे ब्लॉक करणारा कारागीर तर मला रस्त्यात गाठून विचारायचा, या आठवड्यात कोण कमी?

तू आत्तापर्यंत कपाळाला आठी घातली असशील. मी ‘फादरांचं’ लिहिलं, ‘त्याचं’ नाही. साठ वर्षांत तुझ्यासमोर मी त्यांना कधी ‘ते’ म्हटलं नाही. तू ‘तो’ म्हणायचीस, मीही ‘तो’ म्हणायचो. या पत्रात मला तसं लिहिता येणार नाही. का ते कळेल. पण पत्र फाडू नकोस, एवढं ऐक.

त्या बाईंना वाटलं होतं की मी उंटकाका काढून फादरांना मानवंदना दिली. तुला वाटलं होतं की मी त्यांची टर उडवली. पहिली चित्रकथा छापून आली तेव्हा तू मला पोस्टकार्ड टाकलं होतंस, ‘बरी काढलीस त्याची!’ आपला धाकटा भुंगा गेल्यापासून तुझ्या पत्रात उद्गारचिन्ह मी पहिल्यांदा पाहत होतो. तू शिवणकामाच्या कारखान्यात डबा खाताना बायकांना ती वाचून दाखवलीस, कात्रणं वहीत चिकटवायला लागलीस. तुला इतक्या वर्षांनी हसू आलेलं, ते मला मोडवेना. मी म्हटलं, असू दे, हसतेय तर हसू दे. अशा ‘असू दे’वर माझी सगळी हयात गेली.

बाईंना मूळ चित्रं पाहायची होती. तुझी भावजय होती तेव्हा तिने ती पत्र्याच्या पेटीत कापूर घालून ठेवली होती, दोनशेबारा उरलीत, बाकी साप्ताहिकाच्या कचेरीत गेली ती गेली. तुला आमच्या धंद्यातलं एक सांगतो. आम्ही आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने कच्चं रेखाटन करायचो आणि वर काळ्या शाईने पक्कं. छपाईत निळी रेघ उमटत नाही, त्यामुळे खोडायची दगदग नाही. त्या बाई खिडकीशी उजेडात एकेक चित्र धरून पाहत होत्या. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून बाहेर आलो, तर त्यांनी पंधरावीस चित्रं जमिनीवर मांडून ठेवली होती आणि मध्ये गुडघ्यांवर बसल्या होत्या. म्हणाल्या, हे कोण आहे? प्रत्येक बसमध्ये मागच्या बाकावर निळ्या पेन्सिलीत एक मूल होतं. शाई कधीच न फिरवलेलं. मी म्हटलं, कच्च्या कामातली चूक असेल, राहून गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, दोनशेबारा वेळा?

चहा ओट्यावर तसाच राहिला. बाईंनी मला आणखी काही विचारलं नाही, चित्रं क्रमाने लावून पेटीत ठेवली आणि जाताना दारात म्हणाल्या की मी त्या मुलाबद्दल लिहिणार नाही, तुम्ही सांगेपर्यंत. इतकं सभ्य कोणी वागलं की माणसाची पळायची वाट बंद होते बघ.

ताई, ते मूल कोण हे तुला सांगायला नको. भुंगाच तो. कान जरा पुढे आलेले, केस कपाळावर. सारखा गुणगुणायचा म्हणून तूच त्याचं नाव भुंगा ठेवलंस. आई तापाने गेली आणि बाबा कामाच्या शोधात म्हणून जे गेले ते गेले, तेव्हा तूच आम्हा दोघांना फादरांच्या आश्रमात पोचवलंस. पंधरा वर्षांची तू, कारखान्यात बायकांच्या खोलीत राहायला जाणार होतीस, तिथे मुलांना जागा नव्हती. फाटकापाशी तू भुंग्याचा हात माझ्या हातात दिलास. पाठ फिरवून चालायला लागलीस आणि एकदाही वळून पाहिलं नाहीस. मी तुझ्यावर रागावलो होतो. आता कळतं, वळली असतीस तर गेली नसतीस.

पुराच्या दिवसाबद्दल तुला जे माहीत आहे ते तुला माझ्याकडूनच माहीत आहे. त्या दिवशीचं आता मी सगळं लिहितो. पहाटेपासून नदी चढत होती, पण न्याहारीपर्यंत कोणाला तिचं एवढं वाटलं नव्हतं. मी आदल्या दोन दिवसांत तुला पाठवायला एक चित्र काढलं होतं. घोडागाडी, आणि गाडीत तू, डोक्यावर मोठी टोपी घातलेली. फादरांनी मला त्यासाठी रंगांची डबी दिली होती, आश्रमात एकच होती ती. न्याहारीनंतर मी पाहतो तर भुंग्याने ओल्या हाताने ते चित्र उचललेलं, सगळा रंग ओघळून खाली आलेला, आणि वर तो मला म्हणतो, बघ, पाऊस पडला. त्याला ते छान वाटलं होतं गं. मी त्याला दंडाला धरून फरफटत गाद्यांच्या कोठीत नेलं आणि आत ढकललं. दाराची कडी उंच होती. मी बाहेरची बादली पालथी घालून तिच्यावर चढलो आणि कडी घातली. पाच मिनिटं, असं मनात ठरवलं होतं. दार ठोकलं नाही त्याने. आत गुणगुणत बसला. मला आणखीच राग आला.

तेवढ्यात ओरडा झाला. वरचं धरण सोडलं होतं. मागच्या भिंतीशी पाणी आलं होतं आणि दोन नावा काठाला लागल्या होत्या. मोठ्या मुलांना गाठोडी न्यायला लावलं. मी दोन खेपा केल्या. मला आठवण नव्हती असं मी तुला सांगू शकलो असतो, पण ते खरं नाही. पहिल्या खेपेला आठवण होती, दुसऱ्या खेपेलाही होती. वाटत होतं, आता जातो, आता उघडतो. पहिली नाव घाईघाईत सुटली, तान्ही मुलं आणि नर्सबाई, कोण चढलं कोण राहिलं याची मोजणी कोणी केली नाही. मग फादर काठावर उभे राहून उरलेल्यांना मोजायला लागले. डोक्यावर पेन्सिल टकटक. माझ्यापाशी आले आणि थांबले. म्हणाले, भुंगा कुठे?

मी म्हणालो, पहिल्या नावेत गेला, बाईंबरोबर.

दहा वर्षांचा होतो. मी त्याला कोंडलंय हे फादरांना कळलं तर रंगांची डबी परत घेतील, एवढीच भीती होती. माझा बेत असा होता की चादर राहिली म्हणून पळत जायचं, कडी काढायची, त्याला ओढत आणायचं, म्हणायचं हा इथेच होता. ‘चादर राहिली’ म्हणत मी पळायला वळलोही. फादरांनी मला मागून सदऱ्याला धरून उचललं आणि नावेत ठेवलं. म्हणाले, चादर गेला तर जाऊ दे, तू पाहिजे. नाव सुटली. तेव्हाही बोलता आलं असतं. नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत बोलता आलं असतं. नावाडी म्हणत होता, थोडक्यात वाचलो बुवा, आणि सगळी मुलं त्याच्या तोंडाकडे पाहून हसत होती, आणि मीही हसलो, ताई. मग मागून भिंत कोसळल्याचा आवाज आला.

पलीकडच्या शाळेत नर्सबाई भेटल्या तेव्हा कळलं की भुंगा त्यांच्याबरोबर नाही. फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते झग्यानिशी पाण्यात उतरले. नावाड्यांनी धरलं तर हिसडा देऊन सुटले. त्यांना दोन तासांनी खाली कुठेतरी झाडाला अडकलेलं सोडवून आणलं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा कोठीची कडी त्यांनीच काढली. गाद्या फुगून दाराला टेकल्या होत्या. भुंग्याला स्वतः उचलून आणलं त्यांनी, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आणि मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवरची ती कडी बाहेरून लावलेली होती, हे सगळ्यांनी पाहिलं.

दुपारी तू आलीस. कोणाच्या तरी चपला घालून, एक पाय मोठा एक लहान दिसत होता. रडली नाहीस. माझे दोन्ही खांदे धरून विचारलंस, त्याला कोंडलं कोणी? मी काय म्हणालो ते तुला पाठ आहे. मी म्हणालो, फादरनी.

ते दहा पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. तू त्यांच्या अंगावर धावून गेलीस, छातीवर बुक्क्या मारल्यास, आणि ते हात खाली सोडून उभे राहिले. पोलीस आले, त्यांचे वरिष्ठ आले, सगळ्यांनी विचारलं, कडी कोणी घातली. त्यांनी प्रत्येकाला एकच सांगितलं. घर माझा, मूल माझा, चूक माझा. याच्यापलीकडे एक शब्द नाही. तू त्याला कबुली समजलीस. सगळेच समजले. सहा महिन्यांत त्यांचा आश्रम काढून घेतला आणि त्यांना त्या वसाहतीत पाठवलं, जिथे जायला कोणी तयार नसायचं. म्हणजे शिक्षा म्हणून पाठवलं. तिथे त्यांनी तेवीस वर्षं माणसांच्या जखमा धुतल्या, आणि तिथली माणसं आज त्यांना संत म्हणतात.

मी एकदा तिथे गेलो होतो. तुला कधी बोललो नाही. उंटकाका सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, मी सव्वीस वर्षांचा होतो, लग्न ठरलं होतं. मनाशी ठरवून गेलो की सगळं बोलून टाकायचं. ते एका लांब व्हरांड्यात स्टुलावर बसून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होते. मला लगेच ओळखलं. म्हणाले, माझा मान एवढा लांब नाही. साप्ताहिक तिथे जात होतं, ज्यांची नजर गेली होती त्यांना ते चित्रकथा वाचून दाखवायचे, चौकटीत काय काय आहे ते सांगत. स्वतःचीच थट्टा स्वतःच वाचून दाखवायचे, आणि सगळा वॉर्ड हसायचा. मी त्यांच्यासमोर नुसताच उभा राहिलो. त्यांनी मला पट्टीचं एक टोक धरायला दिलं. आम्ही बराच वेळ पट्ट्या गुंडाळल्या. मग खाली पाहतच म्हणाले, मला माहीत आहे. तू दहा वर्षाचा होता, मी पन्नास वर्षाचा होतो. मोजणी माझा काम होता.

मी तिथेच खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. त्यांनी रडू दिलं. निघताना फाटकापर्यंत आले आणि एकच गोष्ट मागितली. म्हणाले, बहिणीला सांग. मला गरज नाही, मी म्हातारा आहे, पण ती चुकीच्या माणसावर रागावून जगते, त्यात तिचा आयुष्य जातो. मी म्हणालो, सांगतो. ते म्हणाले, आज नाही. तुला जमेल तेव्हा.

मला जमायला पंचेचाळीस वर्षं लागली. तुझं आयुष्य गेलं त्यात, ते मी जवळून पाहिलं. तुझ्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नाही. तू लग्नाच्या आठवड्यात सुताराला बोलावून सगळ्या काढून घेतल्यास, भाऊजी हसले होते, मला हसू आलं नाही. तुझ्या लेकीला तू शाळेच्या एकाही सहलीला पाठवलं नाहीस. ती मोठी होऊन तुझ्यावर चिडली, दूर गेली, अजून नीट बोलत नाही. तू म्हणतेस, पोरगी तुसडी निघाली. पोरगी तुसडी नाहीये, ताई. तिच्या बालपणाला मी कडी घातली होती. एवढं सगळं दिसत असून मी दर रविवारी तुझ्याशी गुडघेदुखीवर बोलत राहिलो. फादर वारले ती बातमीही तूच मला दिलीस, ‘सुटला एकदाचा’ म्हणालीस. मी ‘हो’ म्हणालो. फोन ठेवला आणि त्या आठवड्याची चित्रकथा काढायला बसलो, कारण गुरुवारी ती छापखान्यात जायची होती.

बाई येऊन गेल्यावर मी महिनाभर काही केलं नाही. पेटी उघडायचो, बंद करायचो. मग मंडळाचं पत्र आलं. फादरांना संत म्हणून जाहीर करण्याआधी जे मंडळ त्यांच्या आयुष्याची चौकशी करतंय, त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. गेल्या मंगळवारी गेलो. साधीच खोली, लाकडी टेबल, तिघेजण आणि टाइप करणारी एक मुलगी. त्यांनी माझ्यासमोर एक जाड फाइल ठेवली. ताई, त्यात तू फादरांच्या वरिष्ठांना पाठवलेली पत्रं होती. एकतीस. दरवर्षी पुराच्याच तारखेचं एक, अक्षर आधी गोल, पुढे पुढे तुटक झालेलं. प्रत्येकाला माझ्या चित्रकथेचं एक कात्रण टाचणीने लावलेलं, पुरावा म्हणून. आणि प्रत्येक पत्रात एक वाक्य अगदी शब्द न बदलता. ‘माझ्या भावाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तो खोटं बोलत नाही.’

मी एकतीसच्या एकतीस वाचली. त्यांनी घाई केली नाही. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, कडी कोणी घातली? मी म्हणालो, मी. टाइप करणाऱ्या मुलीला ऐकू आलं नाही, तिने मान वर करून पुन्हा विचारलं. मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, जरा मोठ्याने. मग त्यांनी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि मी सही केली. सही इतकी थरथरली की खाली अंगठाही घेतला. बाहेर येऊन मी जिन्यावर बसलो. हलकं वगैरे काही वाटलं नाही. माणसं म्हणतात तसं काही होत नाही. भुंगा होता तिथेच होता.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. परवा रविवारी तू फोनवर किती आनंदात होतीस. म्हणालीस, मधल्या, अखेर मलाही बोलावलं, पुढच्या गुरुवारी अकरा वाजता. साठ वर्षांनी कोणीतरी समोर बसवून ऐकणार, मी कात्रणांची वही आणते, तू ये आणि माझ्या शेजारी बस, तू पाहिलंयस. मी ‘येतो’ म्हणालो. तोंडातून तेवढंच निघालं. पण तुला त्या टेबलाशी बसवून, अनोळखी तिघांच्या तोंडून हे ऐकू द्यायचं, एवढा नीचपणा माझ्याच्याने होणार नाही. म्हणून जबाबाची प्रत सोबत ठेवली आहे आणि पत्र आजच टपालात टाकतोय, सोमवारपर्यंत तुला मिळेल. मी गुरुवारी येईन. तू दिसलीस तर उठून उभा राहीन; माझ्यापाशी थांबावंस असं माझं म्हणणं नाही. आत जा आणि तुला बोलायचं ते सगळं बोल. साठ वर्षांचं बोल, भुंग्याचं बोल, लेकीचं बोल, एक शब्द मागे ठेवू नकोस. फक्त ते सगळं माझ्या नावावर बोल.

तू नाही म्हणेपर्यंत तुझाच,
मधला